लहान भोक, मोठा आकडा

कॅमेऱ्यातलं भोक जितकं मोठं तितका त्याचा आकडा लहान, आणि भोक जितकं लहान तितका आकडा मोठा. एवढी एक गोष्ट समजायला मला बीएस्सीची तीन वर्षं पुरली नाहीत. बीएस्सी मी पहिल्या वर्गात झाले, हेही इथंच सांगून टाकते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाई नाही, बाप्या नाही, माझ्या आधी तिथवर कोणीच पोचलं नव्हतं. हे मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं, माझ्या लग्नाच्या बैठकीत सांगितलं, शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी माईकवरून सांगितलं, आणि ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी पुढंही सांगणार आहे. पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका फोटोवरून घरात जे झालं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला बसले की मधेच मला कळेनासं होतं, त्यात माझं अज्ञान किती होतं आणि माझा शहाणपणा किती. आज लिहून बघते. कागदावर तरी ते वेगवेगळं होतंय का पाहू.

तेव्हा मी हिंगोलीला मुलींच्या वसतिगृहात राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी यायचे. आमचं गाव कुरुंद्याच्या अलीकडं. फाट्यावर उतरून मैलभर चालायचं. हळदीच्या दिवसांत गाव दिसायच्या आधी त्याचा वास यायचा, ओल्या मातीत कुणीतरी औषध उकळत ठेवल्यासारखा. बाबा त्या दिवसांत लोकांची हळद शिजवायला जायचे. मोठ्या कढईखाली जाळ, वर गोणपाट झाकलेलं, कडेनं फुसफुसत निघणारी वाफ, आणि वाफेत बाबा. घरी आले की त्यांचे हात कोपरापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत पिवळे. राखेनं घासले, साबणानं घासले तरी जेठ लागेपर्यंत तो रंग जायचा नाही. आमच्या दारात हळद घासायचा पत्र्याचा ढोल उभा असायचा. दोन्हीकडं एकेक दांडा. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला माय, आणि आत वाळलेली हळकुंडं एकमेकांवर घासत, पत्र्यावर आपटत, दिवसभर खडखड. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं. आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात असं वसतिगृहातल्या मैत्रिणी म्हणायच्या, त्याचं कारण हा ढोल. रात्री जेवायला भाकरी, येसर मसाल्याची आमटी, कांदा आणि करडईचं तेल सोडलेली चटणी. भाकर पांढरी ज्वारीची, पण थापणारीची बोटं पिवळी, म्हणून प्रत्येक भाकरीवर अक्काची पाच बोटं उमटलेली असायची. मी ती बोटं बघत बघत जेवायचे. माझी बोटं तोवर गोरी झाली होती. तीन वर्षं मी हळदीला हात लावला नव्हता.

अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. सातवीत असताना तिची शाळा सुटली. मायची नजर कमी झाली होती. निंदायला गेली की तणाबरोबर पीकही उपटायची आणि मुकादमाच्या शिव्या खायची. तिच्या जागी अक्का जाऊ लागली. माझी शाळा चालू राहिली. हे कोणी ठरवलं नाही, त्यावर कोणी बोललं नाही. एक दिवस अक्काचं दप्तर माझ्याकडं आलं, इतकंच.

त्या वर्षी अक्काला एक स्थळ आलं होतं. मुलगा मिलिंद, हिंगोलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्याला आई-वडील नव्हते. वाढवलं आत्यानं, आणि सगळं ठरवायची तीच. सोजराआत्या तिचं नाव. अक्कानं मिलिंदला एका लग्नात पंगतीत वाढताना बघितलं होतं. बाकी स्थळांबद्दल ती काही बोलायची नाही, विचारलं तर "तुमी ठरवा" म्हणायची. याच्याबद्दल मात्र एकदा ढोल थांबवून मला म्हणाली होती, "वाढताना सगळे पत्रावळीकडं बघतेत. हा माणसाच्या तोंडाकडं बघून वाढतो." एवढंच बोलली आणि पुन्हा दांडा फिरवायला लागली. अक्काच्या तोंडून मी ऐकलेली ती सगळ्यात मोठी इच्छा. घरात ती फक्त मला ठाऊक होती.

सोजराआत्याचा निरोप आला: पोरीचा फोटो धाडा, पण स्टुडिओतला नको. स्टुडिओच्या पडद्यावर धबधबा असतो, आणि धबधबा काही कुणाच्या बापाचा नसतो. फोटो दारातला पाहिजे. आमच्या भागात तेव्हा अशी रीतच होती. पोरगी पूर्ण उभी, पाय दिसले पाहिजेत, मागं घराचं दार, आणि दारात बाप. लेक कुणाची, कुठली, ते एका फोटोत कळलं पाहिजे. ही रीत मला ठाऊक नव्हती असं मी पुढं घरच्यांना सांगितलं. ठाऊक होती, तिला काही अर्थ आहे असं वाटत नव्हतं.

कॅमेरा कॉलेजच्या प्रयोगशाळेचा. स्नेहसंमेलनाचे फोटो काढायला सरांनी तो माझ्या हाती दिला होता, कारण प्रकाशाच्या पेपरात मी वर्गात पहिली होते. रोल ब्लॅक अँड व्हाइट, त्यात चार फोटो शिल्लक होते. दोन दिवसांसाठी घरी नेते म्हटल्यावर सर म्हणाले, "ने, पण हळदीत पाडू नकोस." कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती एक कडं होतं आणि त्यावर आकडे: दोन, दोन पूर्णांक आठ, चार, पाच पूर्णांक सहा, आठ, अकरा, सोळा. प्रकाश मोजायचा काटा मेलेला. या आकड्यांचं सूत्र मला पाठ होतं. डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे काय, याचं उत्तर मी पाच गुणांसाठी आकृतीसकट लिहिलं होतं: ज्यावर नेम धरला त्याच्या पुढचं आणि मागचं किती अंतर फोटोत स्पष्ट येतं, ते. पण कडं हातात आलं तेव्हा सोळा म्हणजे भोक मोठं की लहान, हेच मला आठवेना. सोळा दोनपेक्षा मोठा, तेव्हा भोकही मोठं असणार, असं मी धरून चालले. सूत्रात तो आकडा छेदात येतो हे मी शंभर वेळा लिहिलेलं होतं, पण छेद वहीत राहिला. आज माझ्या नातवाच्या मोबाईलवर एक बटण आहे. ते दाबलं की माणूस राहतो आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. त्यानं मला विचारलं, आजी, तुमच्या वेळी हे कसं करायचे? मी त्याला सांगितलं, चुकून.

रविवारी चार वाजता अक्काला अंगणात उभी केली. घर पूर्वेकडं तोंड केलेलं, त्यामुळं अंगणात सावली. तिनं मोतिया रंगाचं लुगडं नेसलं होतं आणि हात पदराखाली लपवले होते. "हात बाहेर काढ," मी म्हटलं. "पिवळे हायत," ती म्हणाली. "काळ्यापांढऱ्यात पिवळं दिसत नाही." "खरंच व्हय नंदी?" तिनं हात बाहेर काढले आणि असे धरले, जसे ते दुसऱ्या कुणाचे आहेत. पहिला फोटो सोळावर काढला; शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते प्रत्येक फोटोला अंदाजानंच ठरवत होते. दुसऱ्याच्या वेळी माझा हात हलला. तिसरा अकरावर, सात पावलं मागं सरकून. अक्काचे पाय चौकटीत बसतात की नाही तेवढंच मी बघत होते. चौथ्याला मी पार जवळ गेले, दोन हातांवर, आणि कडं दोनवर आणलं. काचेतून अक्काच्या मागं काहीतरी पांढरं, फुगलेलं दिसत होतं. मला वाटलं, दोरीवर बाबांचं धोतर वाळतंय. चौथा झाला आणि रोल संपला. मी कॅमेरा खाली केला, तर दारात बाबा उभे. धुतलेला पांढरा सदरा, केसांना पाणी लावून बसवलेले, हात दोन्हीकडं सरळ खाली, शाळेतली पोरं प्रार्थनेला धरतात तसे. कढई सोडून कधी आले, कधी सदरा घातला, कोणाला कळलं नव्हतं. "झाला का?" त्यांनी विचारलं. "झाला," मी म्हटलं. "बरं झालं येळेवर आलो," म्हणून सदरा काढून ठेवला आणि परत हळदीवर गेले.

रोल धुवायला मी हिंगोलीत रऊफचाचांकडं दिला. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचा लहानसा स्टुडिओ होता, धबधब्याच्या पडद्यासकट. दोन दिवसांनी गेले तर स्नेहसंमेलनाचे फोटो बाजूला करून त्यांनी माझ्यापुढं दोनच छोटे फोटो ठेवले.

"चार में से दोच आए बेटी. एक काला, एक हिला हुआ."

"काळा कसा? सोळावर होता, सगळ्यात मोठ्या आकड्यावर."

ते हसले. "ये गिनती उल्टी है. नंबर बडा तो सुराख बारीक. सुराख बारीक तो आगे-पीछे सब साफ, मगर उजाला कम. नंबर छोटा तो सुराख बडा, और पीछे का सब गुल. और नजदीक जाको खींचे तो और गुल."

"पण काचेतून तर मला दोन्ही वेळा मागचं पुसटच दिसलं."

"खिडकी में तो हमेशा खुला सुराखच दिखता. बटन दबाए तबीच बंद होता. तुम कॉलेज में क्या पढते जी?"

मला ते लागलं. मी म्हटलं, सूत्र मला येतं. चाचा म्हणाले, सूत्र मला येत नाही. आणि दोन्ही फोटो माझ्याकडं सरकवले.

एका फोटोत अक्का पूर्ण उभी. पायातली जोडवी नसलेली बोटं, अंगणातला ढोल, गोवऱ्यांचा ढीग, दाराची फळी, दारात बाबा. सगळं सगळ्याइतकं स्पष्ट. जरा अंधारलेलं, पण स्पष्ट. बाबांच्या सदऱ्याची गुंडी एक घर चुकून लागली होती, तेसुद्धा दिसत होतं. दुसऱ्या फोटोत नुसती अक्का, कमरेपासून वर. तिच्या पापण्या मोजता येत होत्या. अक्का इतकी देखणी आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिच्या मागं काहीच नव्हतं, नुसता धुरासारखा उजेड आणि एक पांढरा गोळा.

"कौनसा बडा करूं?" चाचांनी विचारलं. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. त्यांनी पहिला फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. "अच्छा तो ये भी है. ये पीछे खडे सो कौन?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

हे दोन शब्द माझ्या तोंडून कसे आले, याचा मी चाळीस वर्षं विचार करते आहे. कधी वाटतं, मला घाई होती, वसतिगृहाचं फाटक बंद व्हायची वेळ झाली होती. कधी वाटतं, शेजारी दोन कॉलेजातल्या मुली पासपोर्टच्या फोटोंसाठी थांबल्या होत्या, त्यातली एक माझ्याच वर्गातली. कधी वाटतं, मी फोटोबद्दलच बोलत होते: अक्काच्या फोटोत बाकी कोणी नको, असा अर्थ. ग्रंथालयातल्या पुस्तकात लिहिलंच होतं की मागची गर्दी काढून टाकली की चेहरा उठून दिसतो. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तीन खऱ्या गोष्टी मिळून ते दोन शब्द होत नाहीत.

मोठा केलेला फोटो पाकिटात घालून मी तशीच डेपोवर गेले आणि फाटकाशी मिलिंदला बोलावून घेतलं. घरी कोणी तो बघितलाच नाही. तो बसखालून आला होता. हात ग्रीसनं काळे. पाकीट घेता येईना, म्हणून त्यानं सदऱ्याचा खिसा पुढं केला. "ह्यात टाका. आत्याला देतो."

"आधी तुम्ही बघा की."

"हात धुवून बघतो. डाग पडंल." तो बोलताना माझ्या तोंडाकडं बघत होता. अक्कानं सांगितलं होतं तसंच. मी वसतिगृहापर्यंत चालत गेले, आणि आपण अक्काचं काम केलं या आनंदात त्या रात्री मेसची पातळ आमटीसुद्धा दोनदा मागून घेतली. छोटा फोटो, बाबांचा, माझ्या फिजिक्सच्या जर्नलमध्ये राहिला.

पुढच्या रविवारी सकाळी सोजराआत्या स्वतःच दारात उभी राहिली. उंच, सडपातळ बाई, हातात कापडी पिशवी. बाबा घरीच होते. "जयभीम, या आत्याबाई," म्हणून त्यांनी बाज टाकली, माय पाण्याचा तांब्या घेऊन आली, अक्का आत चहाला लागली. आत्यानं पाणी प्यायलं, पिशवीतून फोटो काढला आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून एकदा फोटोकडं, एकदा घराकडं बघायला लागली.

"हा फोटू हितलाच का?"

"हितलाच की," बाबा म्हणाले. त्यांनी तो अजून बघितलेला नव्हता.

"मंग घर कुठं गेलं? पाय न्हाईत, दार न्हाई. पोरगी ढगात उभी हाय. काहून पुसलं सगळं? काय लपवून राहिले तुमी?"

"लपवाया काय हाय आमच्यापाशी? बघा की, सगळं उघडंच हाय."

"आन हे पांढरं काय? दारात गाय बांधली व्हती का?"

बाबांनी हात धोतराला पुसले, फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग हसले. "गाय न्हाई आत्याबाई. मीच हाव ते."

आत्या हसली नाही. अक्का चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. मी पुढं होऊन म्हणाले, "आत्या, ती एक पद्धत असते. चेहऱ्यावर लक्ष राहावं म्हणून मागचं—"

"तू शिकलेली व्हय?" तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाई, आमच्या पोराला बाप न्हाई. त्याला सासरा पाहिजे, सासऱ्याचं तोंड पाहिजे. मी भावकीत फोटू दाखवला तर म्हणतेत, ह्या पोरीला कुणी हाय का न्हाई? आता तुमी चांगली माणसं दिसता. पण मला भावकीला दाखवायचं हाय. बापासकट फोटू धाडा. पुढच्या ऐतवारी आमी कळमनुरीला दुसरी पोरगी बघाया चाललो. त्याच्या आधी आला तर बघू." अर्धा चहा बशीत तसाच ठेवून ती फाट्याकडं निघाली. बाबा तिला पोचवायला अनवाणीच मागं गेले. फोटो बाजेवर राहिला.

मायनं तो उचलला. तिची एक सवय होती. लांबचं काही बघायचं असलं, एसटीची पाटी म्हणा की रस्त्यानं कोण येतंय ते म्हणा, की ती मूठ वळायची, डोळ्याला लावायची आणि मुठीतल्या बारीक भोकातून बघायची. तशीच मूठ लावून ती फोटोतला पांढरा गोळा बघत बसली. मूठ घट्ट केली, सैल केली, उजेडाकडं वळली.

"मुठीतून बी न्हाई येत," ती म्हणाली. "गाव येतं, झाड येतं. ह्योच काहून न्हाई येत?"

"मुठीतून बघितलं की काय होतं माय?"

"काय व्हतंय? बारीक भोकातनं जवळचं बी बराबर दिसतं, लांबचं बी. डोळा उघडला की सगळं पसरतं. तू कालेजात जाती, तुला ठाव न्हाई?"

मी मूठ वळली. एक हळकुंड नाकासमोर धरलं आणि भोकातून बघितलं. हळकुंडावरच्या रेघा दिसत होत्या, आणि त्याच वेळी विहिरीजवळच्या लिंबाच्या फांद्याही. मूठ सोडली, तर हळकुंड तरी किंवा लिंब तरी. परत वळली. तीन वर्षं जे मी आकृतीत काढत होते ते माझ्या मायला कोणी न शिकवता येत होतं. पुढं मी तीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि हा धडा आला की फळ्याकडं न वळता वर्गाला मुठी वळायला लावायचे. पोरं खूष व्हायची. त्या दिवशी मला मात्र खूष होता आलं नाही. कारण कळल्याबरोबर दुसरीही एक गोष्ट कळली: जो फोटो सोजराआत्याला पाहिजे होता तो मी काढलेला होता. तो जर्नलमध्ये होता. द्यायचा तर सांगावं लागणार होतं की तो पहिल्यापासून होता.

बाबा परत आले आणि म्हणाले, "पोरीचं काय चुकलं? फोटूचं मिशन नवं हाय, तिला काय ठाव मी मागं हाव ते." मी मान हलवली. फोटो काढताना ठाऊक नव्हतं, हे खरंच होतं. अक्का दिवसभर ढोल फिरवत राहिली, मायला विसावा न देता.

मी ठरवलं, नवीन फोटो काढायचा. आता तर मला येत होतं. भर उन्हात, आकडा सोळा, सात पावलं लांब. बाबा, माय, अक्का, ढोल, सगळे. सोमवारी कॉलेजात गेले तर सरांनी कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावलेलं, किल्ली त्यांच्यापाशी, आणि सर पुतणीच्या लग्नाला गेलेले. मंगळवारी नाहीत, बुधवारी नाहीत. गुरुवारी रऊफचाचांकडं गेले, गावी येऊन फोटो काढाल का विचारायला. ते म्हणाले, "वो छोटावाला है ना तुम्हारे पास? सब साफ है उसमें." मी म्हटलं, "हरवला." खोटं एकदा बोललं की पुढचं आपोआप येतं, हे मात्र मला कुठल्याही वर्गात शिकावं लागलं नाही. शुक्रवारी रात्रभर विचार केला, फोटो फाडून टाकावा. फाडला असता तर आज हे लिहायला बसले नसते. अक्का कळमनुरीच्या पोरीमागं राहून गेली असती, आणि फोटो कोणी कधी मागितलाच नसता.

शनिवारी गावी आले. माय शेजारी गेली होती, बाबा मागच्या अंगणात लाकडं फोडत होते. अक्का एकटीच ढोलाशी. मी जर्नल उघडलं आणि फोटो तिच्यापुढं धरला. तिनं दांडा थांबवला, हात लुगड्याला पुसले, पण फोटो हातात घेतला नाही; माझ्याच हातात असू दिला आणि वाकून बघितला. बराच वेळ.

"हा कवा काढला?"

"तेव्हाच."

"मंग?"

मी बोलायला लागले. भोक लहान असलं की काय होतं, मोठं असलं की काय, आकडा उलटा कसा, जवळ गेलं की मागचं कसं जास्त विरघळतं, काचेतून कसं कळत नाही, पुस्तकात काय लिहिलंय. मायच्या मुठीचंही सांगितलं. दहा मिनिटं तरी बोलले असेन, आणि सगळं बरोबर बोलले. आयुष्यात तो विषय मी इतका चांगला पुन्हा कधी समजावून सांगितला नाही. अक्का दांड्यावर हात ठेवून ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे निवडताना दोनी फोटू तुझ्यापुढं व्हते?"

"होते."

तिनं मान हलवली, जशी बाजारात भाव ऐकून हलवतात. मग मागच्या अंगणाकडं तोंड करून ओरडली, "बाबाऽ! नंदीनं फोटू आणला. रोलात एक राहिला व्हता म्हणं, आज धुवून मिळाला. बघा, किती बराबर आले तुमी!"

बाबा कुऱ्हाड टाकून आले. फोटो बघून पहिल्यांदा म्हणाले, "अर्र, गुंडी चुकली की. कुणी सांगितलं न्हाई मला." मग तोच सदरा चढवला, या वेळी गुंड्या नीट लावल्या, आणि संध्याकाळच्या एसटीनं स्वतः फोटो घेऊन हिंगोलीला गेले. सोजराआत्या कळमनुरीला गेली नाही. उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं. मिलिंददाजी जाईपर्यंत माणसाच्या तोंडाकडं बघूनच वाढायचे. तो फोटो आत्यानं भावकीत फिरवून फिरवून चुरगाळला. त्याची एक मोठी प्रत मी नंतर माझ्या पहिल्या पगारात करून घेतली. अक्काच्या घरी अजून आहे.

पण त्या शनिवारचं एक राहिलं. बाबा फाट्याकडं गेले, त्यांचा पांढरा सदरा वळणाआड झाला, आणि अक्का मला म्हणाली, अगदी सरळ आवाजात, ढोल बंद असल्यामुळं ओरडायचीही गरज नव्हती: "तुझ्या टायमाला मागं कुणाला उभं करायचं ते तूच ठरव बाई. आमी काई म्हणणार न्हाई."

खरं सांगते, मला राग आला. मी तिला म्हणाले, "मी तुझ्यासाठीच केलं. तू किती छान दिसत होतीस त्यात."

"व्हय," अक्का म्हणाली. "दिसत व्हते." आणि आठवडाभर कोनाड्यात पडून असलेला तो मोठा, ढगातला फोटो तिनं उचलला, पुन्हा एकदा बघितला, आणि आत नेऊन आपल्या ट्रंकेत, घड्या घातलेल्या लुगड्यांच्या खाली ठेवला.